सगळं विकायचं, पण कुणाचं?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत): वाचक ४३ वर्षांचे, राहणार वडगाव शेरी, नोकरी खराडीतल्या एका कंपनीत. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. ७४ वर्षांच्या आई त्यांच्याकडेच असतात. राहता फ्लॅट नवराबायकोच्या नावावर, कर्जाची नऊ वर्षं बाकी. शिवाय वाघोलीला गुंतवणूक म्हणून घेतलेला वन बीएचके आहे, तो बंदच असतो. घराणं मूळचं संगमनेरकडचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. वडील मृत्युपत्र न करता गेले. तिथलं घर आणि जमीन विकताना आईनं आणि बहिणीनं हक्कसोडपत्र करून दिलं. त्या पैशांतून पुण्यातल्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरली गेली.

गेली दोन वर्षं ते एका प्रार्थना गटात जातात. गटाचे प्रमुख म्हणतात, तुम्हाला पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे. नोकरी सोडा, दोन्ही घरं विका, पैसा गटाच्या कामाला द्या, आणि हे येत्या गुड फ्रायडेच्या आत करा. पत्नीचा विरोध आहे. 'तुमच्या त्यागात मी आणि मुलं कुठे बसतो ते सांगा,' असं ती म्हणते. प्रमुखांनी त्यावर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातलं येशूचं वचन दाखवलं: जो बायकोमुलांचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. वाचक विचारतात, 'पत्नीचं ऐकलं, तर "सगळं विकून दे" हे येशूचे शब्द ऐकून खिन्न होऊन परत गेलेल्या त्या श्रीमंत माणसासारखा मी ठरेन का?'

प्रिय बंधू, सलाम.

तुमची तळमळ खोटी आहे असं मला मुळीच वाटत नाही. पैशाविषयीचे प्रभूचे शब्द आपण रविवारी भक्तीत ऐकतो, माना डोलावतो आणि आशीर्वचन संपलं की चर्चच्या अंगणातच फ्लॅटच्या भावांवर बोलायला लागतो. तुम्हाला ते शब्द टोचले. ते टोचणं बोथट करून देण्याचं काम मी करणार नाही. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हा दाखला निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, की यरुशलेमेत त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून आत जायचा. असा दरवाजा त्या काळी होता याला काहीही आधार नाही. श्रीमंतांची सोय बघून कुणीतरी ती गोष्ट रचली. प्रभूला जे म्हणायचं होतं ते अवघडच होतं. शिष्यही ऐकून थक्क झाले, 'मग तारण कुणाचं होणार?' असं एकमेकांना विचारू लागले.

त्यामुळे तुमचा प्रश्न फक्त 'द्यावं का?' एवढाच असता, तर मी 'द्या' म्हणून मोकळी झाले असते. पण पत्रात तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. प्रभू एका बाजूला आणि पत्नी दुसऱ्या बाजूला, हे पहिलं गृहीत. विकायचं ते सगळं तुमचं एकट्याचं, हे दुसरं. आणि देवाला देणं म्हणजे त्या गटाला देणं, हे तिसरं. या तिन्हींना शुभवर्तमानात आधार सापडतो का, ते आपण जरा निवांत बघू.

तुमच्या गटात मार्कचा दहावा अध्याय सतराव्या वचनापासून वाचतात असं दिसतं. तो पहिल्या वचनापासून वाचा. सुरुवातीला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे लोक, सूटपत्राविषयी, म्हणजे घटस्फोटाविषयी विचारतात आणि प्रभू म्हणतो, ती दोघं एकदेह आहेत, देवानं जे जोडलं ते माणसानं तोडू नये. त्याला लागूनच लोक बाळं घेऊन येतात. शिष्य दटावतात तेव्हा प्रभू शिष्यांवर रागावतो, मुलांना कवेत घेतो. आणि त्यानंतर तो श्रीमंत माणूस धावत येऊन गुडघे टेकतो. आधी लग्न, मग मुलं, मग पैसा, असं एकाला लागून एक आलं आहे. यातला तिसरा प्रसंग हाती घेऊन पहिल्या दोघांवर उगारायचा, हे मार्कच्या मनात असेल असं मला वाटत नाही.

आता त्या माणसाशी झालेलं बोलणं बघा. प्रभू त्याला आज्ञांची आठवण करून देतो. त्यांत 'आपल्या बापाचा व आईचा मान राख' ही आहेच, आणि मार्कनं आणखी एक नोंदवली आहे जी मत्तय आणि लूक यांच्या याच प्रसंगात येत नाही: कुणाला ठकवू नको. ही आज्ञा लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे. मग प्रभू त्याच्याकडे निरखून बघतो, त्याच्यावर प्रीती करतो आणि सांगतो, जा, तुझं जे आहे ते विकून गोरगरिबांना दे, आणि ये, माझ्यामागे चाल. पैसा गोरगरिबांना द्यायला सांगितला आहे. 'माझ्याकडे आणून दे,' असं प्रभू म्हणाला नाही. बारा शिष्यांच्या पेटीत टाक, असंही नाही. तो खिन्न होऊन निघाला तेव्हा कुणी त्याच्यामागे धावलं नाही, वल्हांडणाच्या सणाच्या आत ये अशी मुदत घातली नाही. पुढे त्याचं काय झालं हे शुभवर्तमान सांगत नाही. आणि ज्याला तुम्ही सर्वांत जास्त घाबरता आहात, त्या माणसाकडे बघताना प्रभूच्या मनात प्रीती होती.

लूकचं वचन कठोर आहे, मान्य. अठराव्या अध्यायातल्या 'सोडून आलेल्यांच्या' यादीतही पत्नीचा उल्लेख आहे, तोही मी लपवत नाही. पण वैऱ्यावर प्रीती करा म्हणणारा प्रभू बायकोचा तिरस्कार करायला सांगेल, हे कसं जुळायचं? मत्तयाच्या दहाव्या अध्यायात हाच बोल 'माझ्यापेक्षा अधिक प्रीती' असा आला आहे, म्हणजे प्रश्न पहिलं स्थान कुणाचं हा आहे. 'आम्ही सगळं सोडून आलो' असं म्हणणारा पेत्र घ्या. त्याची सासू कफर्णहूमात त्याच्याच घरी तापानं पडली होती आणि प्रभूनं तिथं जाऊन तिला उठवलं. पुढे कितीतरी वर्षांनी पौल करिंथकरांना लिहितो, की केफा, म्हणजे हाच पेत्र, आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतो. सोडून आलेल्या माणसाचा संसार असा त्याच्याबरोबर चालत होता. आणि लूकच्या त्याच चौदाव्या अध्यायात, दोन वचनं ओलांडली की, बुरूज बांधायला निघालेला माणूस येतो. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, पुरं करण्याइतकं आपल्याजवळ आहे की नाही ते बघतो. हिशेब मांडणं म्हणजे अविश्वास, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर हा दाखला त्यांच्यापुढे ठेवा.

आता संगमनेरच्या घराकडे येते. पत्रात तो उल्लेख तुम्ही एका वाक्यात उरकला आहे. मला मात्र तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथं दिसते.

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे वाटले जातात; मुलगा-मुलगी असा फरक नाही. म्हणजे आई, बहीण आणि तुम्ही, तिघांचाही वाटा सारखा होता. हक्कसोडपत्र झालं, कायद्यानं विषय संपला. पण आपल्याकडे हक्कसोडपत्रं कशी होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर भाऊ कागद पुढे करतो, 'इथं सही कर ताई' म्हणतो. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते आणि घरी येऊन सगळ्यांना चहा करून देते. तुमच्या बहिणीनं आनंदानं सोडलं असेलही. तुम्ही तिला कधी विचारलंत का? आणि आईला?

कारण मार्कच्याच सातव्या अध्यायात प्रभू फार रागावलेला आहे, आणि तो ज्यांच्यावर रागावला ते लोक धार्मिक होते. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून ते मोकळे होत. प्रभू म्हणतो, असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता. तुमच्या फ्लॅटच्या भिंतींत आईचा तिसरा हिस्सा मुरला आहे. तो फ्लॅट विकून पैसा देवकार्याला दिला आणि ७४ व्या वर्षी आईला भाड्याच्या घरात हलवलं, तर सातव्या अध्यायातली माणसं आणि आपण यांत काय फरक उरला? वधस्तंभावर असतानाही प्रभूनं आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवलं, हे योहानानं मुद्दाम लिहून ठेवलं आहे.

जक्कयाची गोष्ट इथं तुमच्या कामाची आहे. तो पुढारी जकातदार होता, पैसेवाला होता. सगळं विक, असं प्रभूनं त्याला सांगितलं नाही. त्याच्या घरी उतरला. जक्कय आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, अर्धं गरिबांना देतो, आणि कुणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. दान आणि परतफेड या दोन गोष्टी त्यानं वेगळ्या मांडल्या. तुम्हीही तशाच मांडा. बहिणीला फोन करा, शक्य असेल तर भेटायलाच जा, आणि सांगा की त्या वेळी तुझ्या वाट्याचा विचार मी केला नव्हता. ती 'राहू दे रे' म्हणाली तर लगेच सुटल्यासारखं मानू नका, रकमेचं बोला. आईच्या औषधपाण्यासाठी एक रक्कम तिच्याच नावावर ठेवा. 'ठकवू नको' ही आज्ञा 'विकून टाक'च्या आधी येते.

एवढं झालं की वाघोलीचा वन बीएचके.

तुमच्याबाबतीत प्रभूचा शब्द कुठे नेमका लागू पडत असेल तर तो या कुलूपबंद घराला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. राहायला लागत नाही, आईच्या आजारपणासाठी राखलेलं नाही, फक्त भाव वाढायची वाट बघत उभं आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातला माणूस कोठारं मोडून मोठी बांधायला निघाला होता, आणि तो दाखला प्रभूनं सांगितला तोच मुळी दोन भावांच्या वारशाच्या भांडणावरून. ते घर पत्नीच्या संमतीनं विका. त्यातूनच बहिणीचा वाटा द्या, राहत्या घराचं कर्ज हलकं करा, आणि उरलेलं खरोखर गरिबांपर्यंत पोचेल असं द्या. हा आकडा दोघं मिळून ठरवा आणि जरा जाणवेल इतका मोठा ठरवा. विकायचं मन होत नसेल तर निदान कुलूप काढा. पुण्यात नर्सिंगला किंवा कॉलेजला आलेल्या नगर-जालन्याकडच्या आपल्या मुलींना परवडणारी जागा मिळत नाही, हे कुठल्याही मंडळीच्या पाळकांना विचारा.

राहत्या फ्लॅटचं मात्र वेगळं आहे. तो दोघांच्या नावावर आहे, बँकेकडे गहाण आहे. पत्नीच्या सहीशिवाय तो विकता येणार नाही, म्हणून तुम्ही तिची सही मागता आहात. तुम्हाला खरं तर तिचं मन विचारायला हवं होतं. पौल करिंथकरांना लिहितो, की प्रार्थनेसाठी काही काळ एकमेकांपासून दूर राहायचं असेल तरी दोघांची संमती हवी. थोड्या दिवसांच्या उपवास-प्रार्थनेला जर संमती लागते, तर आख्खं घर मोडायला ती लागणार नाही?

आपल्या मराठी मंडळीला या बाबतीत दुसरीकडे उदाहरण शोधायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंच्या संमतीवाचून. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांत काढली. त्यांनी नंतर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेल्या आठवणी वाचताना त्या काळाचं दुःख अजून अंगावर येतं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटला तेव्हा. टिळकांची भजनं आपण आजही प्रत्येक उपासनेत गातो, त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचं धाडस मला होणार नाही. पण तो दुरावा देवाला हवा होता असं मी कधीच मानलेलं नाही. आणि लक्ष्मीबाईंच्या विश्वासाला जी धार आली ती त्यांना स्वतःचं मन बनवायला वेळ मिळाला म्हणून.

तेव्हा एखाद्या शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर दोघं बसा. मार्कचा दहावा अध्याय आळीपाळीनं मोठ्यानं वाचा. मग टेबलावर कागद काढा: पासबुकं, कर्जाचं स्टेटमेंट, पीएफ, विमा, मुलीच्या अकरावी-बारावीचा अंदाजे खर्च. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो. आईच्या वयात नवा काढायला गेलात तर हप्ता किती पडतो ते आधीच विचारून ठेवा. आणि मग पत्नीला विचारा, 'तुला प्रभू काय सांगतो आहे?' तुम्ही तिला आजवर अडथळा म्हणून बघत आलात. कदाचित तिच्याही मनात काही द्यायचं असेल, तुमच्या गटानं सुचवलं त्याहून वेगळं. तिचं उत्तर ऐकताना मध्ये वचनं सांगू नका.

आता गटाविषयी. मी त्या प्रमुखांना ओळखत नाही, त्यांच्या हेतूविषयी बोलणार नाही. पण काही प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय, लेखापरीक्षण झालेले हिशेब बघायला मिळतील का, पैसा कुणाच्या खात्यात जातो, पावती मिळते का. रोखीचा आग्रह असेल तर सावध व्हा. आयकर कायद्यातही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ही वजावटच नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' हे कारण कुणी देऊ नये. घराचं बक्षीसपत्र तर घाईनं अजिबात करू नका. एकदा नोंदवलं गेलं की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. प्रश्न विचारल्यावर उत्तराऐवजी शापाची भीती दाखवली गेली, तर तिथं जाणं थांबवा, मग प्रार्थना कितीही जोरकस होत असो. प्रेषितांच्या कृत्यांत, शेत विकून त्यातले काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्र काय म्हणतो आठवा: ते शेत विकण्याआधी तुझंच होतं ना, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच ताब्यात नव्हता का? हनन्याचा दोष खोटं बोलण्याचा होता. द्यायची सक्ती आरंभीच्या त्या मंडळीतही नव्हती. करिंथकरांना दुसऱ्या पत्रात पौल हेच लिहितो, की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये.

पूर्णवेळ सेवेचं पाचारण खरं असेल तर ते वर्षभरात विरून जाणार नाही. पौल स्वतः अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू शिवायचा आणि सेवाही करायचा. तुम्ही आधी रजा टाकून एखाद्या खेड्यातल्या मंडळीत महिनाभर राहून बघा, शक्यतो कुटुंबाला काही दिवस बरोबर घेऊन. देवशास्त्राचं शिक्षण घ्यायचं मनात असेल तर बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, चौकशी करा. आणि तुमच्या गटाबाहेरच्या, तुमच्या देण्यातून ज्यांना काहीच मिळणार नाही अशा एखाद्या वयस्क पाळकांशी दोघं जाऊन बोला.

याच विषयावरची पत्रं आणखीही घरांतून येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. एखादी चोवीस वर्षांची मुलगी सेवेला जायचं म्हणते आणि आईवडील 'आईबापांचा मान राख' हे वचन तिच्यापुढे आडवं घालतात, तिथं माझं मत वेगळं असतं. तिचं आयुष्य ती देते आहे, दुसऱ्याचं नाही. याकोब आणि योहान बाप जब्दीला सोडून गेले तेव्हा मार्क आवर्जून सांगतो की जब्दीबरोबर तारवात मोलकरी होते. म्हातारा एकटा पडला नव्हता. म्हणून अशा मुलीला मी एवढंच विचारते, की तुझ्या मागे घरचं बघायला कुणी आहे का. आणि ज्या बहिणी लिहितात, की नवरा परस्पर दशमांशाच्या दुप्पट-तिप्पट देतो आणि महिनाअखेर किराणा उधार आणावा लागतो, त्यांनी पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय, आठवं वचन नवऱ्यापुढे ठेवावं. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी पौल जे लिहितो ते माझ्यापेक्षा पुष्कळ कडक आहे. उलट, जिथं कुटुंबाचं नाव पुढे करून वर्षानुवर्षं काहीच दिलं जात नाही, त्या घरांतून मला पत्रं येत नाहीत. त्यांनीही दहावा अध्याय वाचावा, त्यांना तर तो सतराव्या वचनापासून वाचला तरी चालेल.

गुड फ्रायडेच्या मुदतीचं काय करायचं, असा प्रश्न तुमच्यापुढे उरतोच. प्रमुखांना फोनवर नको, भेटूनच सांगा, आणि जाताना पत्नीला बरोबर न्या: 'आमच्या घरात यावर प्रार्थना आणि बोलणं चालू आहे, बहिणीचा हिशेब आधी पुरा करायचा आहे, तोवर मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही.' तिथं वाद घालू नका. आणि त्या आठवड्यात बहिणीकडे जाऊन या.